मॅलकीचा चर

सोमवारी सकाळी कोलमन हॅनरटी ऑफिसात आला, कोट खुंटीला अडकवला, खिडकीजवळच्या आपल्या टेबलाशी गेला, आणि पलीकडच्या टेबलावरून ग्रॉन्या म्हणाली, "काय रे, बाहेर पाऊस लागलाय की काय?" पाऊस नव्हता. त्या आठवड्यात डब्लिनवर कोरडं, फिकट आकाश होतं, रस्त्यांवर धूळ उडत होती. ग्रॉन्या त्याच्याकडे बघतच नव्हती, त्याच्या मागे जमिनीकडे बघत होती. दारापासून टेबलापर्यंत करड्या गालिच्यावर ओल्या पावलाचे ठसे उमटले होते. एकाच पावलाचे, डाव्या. उजवा पाय जिथे पडला असेल तिथे काहीच नव्हतं. कुणीतरी लंगडी घालत आत आल्यासारखं दिसत होतं. "एकाच पायाने डबक्यात उतरलास वाटतं," ती म्हणाली, आणि तिचा फोन वाजला म्हणून वळली. कोलमन खाली बसला. टेबलाखाली हळूच बूट काढून त्याने मोजा चाचपला. मोजा कोरडा होता. बूटही आतून कोरडा होता. पण बोटं नाकाशी नेली तेव्हा त्याला तो वास आला: भिजलेलं लोखंड, जुना चहा, आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर, फार दिवस झाकून ठेवलेल्या भांड्यासारखं. गावाकडच्या, क्लूनाघच्या दलदलीचा वास. तो विमा कंपनीत होता, आणि पाणी शिरलेल्या घरांचे दावे तपासणं हेच त्याचं काम होतं. पाणी छतातून आलं, नळातून आलं की जमिनीतून वर चढलं, हे भिंतीवरचा डाग बघून तो सांगू शकायचा. गालिच्यावरच्या त्या डागांकडे तो बराच वेळ बघत राहिला. कडेला पिवळसर तपकिरी रेघ धरत ते सावकाश वाळत होते, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या मनात आलं की हे वरून सांडलेलं पाणी नाही.

शनिवारी तो पाय दलदलीत गेला होता. तसं कुणा ना कुणाचं काहीतरी दर शनिवारी जायचं. क्लूनाघ दलदल मंडळात येणाऱ्या माणसाने एक कोरडा मोजा जास्तीचा आणायचा हा मंडळाचा एकमेव नियम, असं टर्लो म्हणायचा. टर्लो गावचा पोस्टमन, आडदांड, तोंडाळ, आणि पाण्यात उभं राहायला सगळ्यात आधी तयार. मंडळ म्हणजे तरी काय, निवृत्त झालेल्या शाळामास्तरीण टुही बाई, टर्लो, आणि मागेपुढे होणारी पाचसात माणसं. पिढ्यान्‌पिढ्या त्या दलदलीत लोकांनी चर खणले होते. चरातून पाणी वाहून गेलं की काळी माती विटांसारखी कापायची, वाळवायची आणि हिवाळाभर चुलीत जाळायची, हा टर्फचा धंदा. आता कापणं थांबलं होतं, आणि मंडळ ते चर फळ्या ठोकून एकेक करून बुजवत होतं, म्हणजे पाणी पुन्हा थांबेल, शेवाळ पुन्हा धरेल, आणि मेल्यासारखी पडलेली ती जमीन पुन्हा जिवंत होईल. कोलमन दोन वर्षांपूर्वी त्यात आला. बायको वेगळी राहायला गेल्यावर शनिवार फार लांब वाटायला लागले होते, हे एक कारण. दुसरं कारण असं की गावाकडे जायला त्याला निमित्त हवं होतं, आणि वडिलांच्या घरी मात्र चहा संपेपर्यंतच बसावं लागेल असं निमित्त हवं होतं. मॅलकी हॅनरटी शहाऐंशी वर्षांचा होता. सगळा जन्म त्याने त्याच दलदलीतून पाणी काढण्यात घालवला होता. मुलगा मंडळात जातो हे कळलं त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "आम्ही जन्मभर उपसलं, तुम्ही शनिवारी शनिवारी भरा," आणि त्यानंतर त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

पाय गेला तो मॅलकीच्याच चराजवळ. दलदलीच्या पार पश्चिमेच्या कडेला तो चर होता, सगळ्यांत खोल, आणि मॅलकीच्या मालकीच्या पट्ट्यात असल्यामुळे अजून उघडा. बाकीचे सगळे बांधले तरी त्या एका चरातून रात्रंदिवस पाणी निघून जायचं. लांबूनही त्याचा आवाज यायचा, कुणी भिंतीपलीकडे सतत पुटपुटत असावं तसा. कोलमन फळ्यांसाठी मापं घ्यायला म्हणून त्या बाजूला गेला आणि चराच्या अलीकडे, जिथे जमीन अगदी टणक दिसत होती तिथे, त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पाय ओढून काढायचा नसतो, आधी टाच मोकळी करायची, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण त्याने टाच हलवायच्या आतच खाली कुणीतरी ती मोकळी केली. हे तो कुणालाही सांगू शकला नाही, सोमवारी नाही, नंतरही नाही. दलदल बूट ओढून घेते, हिसका देते, चोखते, ते त्याला माहीत होतं. हे तसं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या लहान मुलाचा बूट आई काढते, एक हात पोटरीवर, दुसरा टाचेखाली, न घाई करता, तसा तो बूट काढून घेतला गेला. आणि मग पाय सोडण्याआधी क्षणभर तळव्याला काहीतरी टेकलं, गार आणि सपाट. टर्लोने येऊन त्याला काखेत धरून वर काढला, काठी घालून बूट शोधला, हात दंडापर्यंत घालून शोधला. मिळाला नाही. "गेला," टर्लो म्हणाला. "आता हजार वर्षांनी कुणीतरी खणून काढेल आणि म्हणेल, बघा, हे लोक एकाच पायात बूट घालायचे." सगळे हसले. कोलमनही हसला. चराचं पुटपुटणं तेवढं थांबलं नाही.

त्या आठवड्यात तो ठसा आणखी दोनतीनदा उमटला. एकदा स्वैपाकघराच्या लादीवर, एकदा बँकेच्या पायरीवर. डॉक्टरने पाय उलटासुलटा करून बघितला, रक्ताभिसरणाबद्दल काहीतरी सांगितलं आणि लोकरीचे मोजे घालायला लावले. गारवा मात्र पायातून हटत नव्हता. अंथरुणात पडल्यावर उजवा पाय डब्लिनमधल्या तिसऱ्या मजल्यावर असायचा आणि डावा दुसरीकडे कुठेतरी, जिथे फार अंधार होता आणि फार शांत होतं. त्याला आईची आठवण यायला लागली, आणि तीही विचित्र बाजूने. आईचा चेहरा आठवायचा नाही, कोळशाची बादली आठवायची. सगळं गाव टर्फ जाळायचं. त्याच्या घरी बाप टर्फ कापायचा, ट्रॅक्टर भरभरून विकायचा, आणि आई मात्र तालुक्याच्या दुकानातून कोळसा आणायची. शेजारणी दारातून ओरडायच्या, "हॅनरटी बाईंना आमचा धूर चालत नाही हो!" कोलमनला त्याची लाज वाटायची. आपली आई स्वतःला मोठी समजते, असं त्याला वाटायचं. एकदा, सहासात वर्षांचा असेल, त्याने अंगणातल्या ढिगातली टर्फची एक वीट उचलून चुलीत घातली, आईला मदत म्हणून. ती तशीच नुसत्या हाताने तिने निखाऱ्यांतून बाहेर ओढली होती. ओरडली नाही. वीट पदराखाली धरावी तशी ॲप्रनमध्ये धरून बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या बोटांना फोड आले होते. आणखी एक आठवायचं. उन्हाळ्यात सगळी पोरं बापांबरोबर दलदलीत जायची, तोही जायचा, दिवसभर विटा उलट्या करायचा, पण पश्चिमेच्या कडेला बाप त्याला कधी जाऊ द्यायचा नाही. "तिकडे खोल आहे," एवढंच. आणि तिकडे तर सगळ्यात कोरडं दिसायचं.

पुढच्या शनिवारी टुही बाईंनी त्याला बाजूला घेतलं. बाई ठेंगण्या होत्या, पण सगळ्या गावाला त्यांनी पाढे शिकवले असल्यामुळे त्यांच्यासमोर अजून माणसं सरळ उभी राहायची. त्या त्याला दलदलीच्या मध्यावर एका लोखंडी नळीपाशी घेऊन गेल्या. नळी त्यांच्या डोक्याच्याही वर आली होती. "ही माझ्या वडिलांनी ठोकली, खालच्या पक्क्या चिकणमातीपर्यंत," त्या म्हणाल्या. "ठोकली तेव्हा तिचं टोक जमिनीबरोबर होतं. मी शाळेत होते तेव्हा तिच्यावर बसून डबा खायचे. आता बघ." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून, टाचा उंचावून नळीच्या टोकाला अडकवली. "लोक म्हणतात नळी वर आली. नळी कुठली वर येते रे? आपण खाली गेलोय. पाणी काढलं की ही जमीन बसते. वाळते, भुगा होतो, वाऱ्यावर उडून जाते. तुझ्या वडिलांच्या बाजूला तर सगळ्यात जास्त बसलीये, कारण चर तिथेच सगळ्यात खोल. तो एक चर बांधला नाही ना, तर आपण हे जे करतोय ते सगळं चाळणीत पाणी भरणं आहे. तू विचार त्यांना."

"मला ते हो म्हणणार नाहीत, बाई."

"विचारलंयस कधी?"

त्याने विचारलं नव्हतं. बाईंनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली. "आणि हे बघ, विचारेपर्यंत त्या कडेला फिरकू नकोस. मी आजवर कुणाला तिकडे पाठवलं नव्हतं. तू आपला तूच गेलास." का, असं त्याने विचारलं. "आपल्याकडे प्रत्येक दलदलीला एक कड असते, जिथे बायका बोट दाखवत नाहीत," त्या म्हणाल्या. "मला याहून जास्त माहीत नाही. माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं."

तो संध्याकाळी वडिलांकडे गेला. स्वैपाकघरात नेहमीची ऊब होती, ओट्यावर सोडा घालून केलेला जाडा ब्रेड कापडात गुंडाळलेला होता. आणि चुलीशेजारी, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, धुऊन पुसून, त्याचा डावा बूट वाळत ठेवला होता. कोलमन दारातच थांबला. बूट इतका नीट ठेवला होता, नाडीसुद्धा सोडवून दोन्ही बाजूंना सारखी टाकलेली. मॅलकी पाठमोरा उभा राहून चहा ओतत होता.

"हा कुठे मिळाला, बाबा?"

"मिळाला नाही. वर आला."

"टर्लोने दंडापर्यंत हात घातला होता."

"टर्लो घालेल नाहीतर काय करेल. पत्रं तरी कुठे बरोबर दारात टाकतो तो." मॅलकीने कप टेबलावर ठेवले. "त्या जागेत आता काही खाली राहत नाही. बस."

कोलमन बसला. बाप ब्रेड कापत होता, जाड जाड, एकेक काप सुरीच्या पात्याने त्याच्या बशीत ढकलत होता. मग मॅलकीने वर न बघता विचारलं, "किती खोल गेला होतास?"

"गुडघ्यापर्यंत."

"कडक लागलं काही? पायाला?"

कोलमनच्या बुटातला डावा पाय इतका गार झाला होता की तो त्याला आपला वाटेना. "नाही," तो म्हणाला. बापाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच कोलमनला भीती वाटली. लहानपणी ताप आल्यावर हा माणूस उशाशी उभा राहून असाच बघायचा. त्याला मुलगा दिसत नसायचा, मुलगा राहतो की जातो एवढंच दिसत असायचं. "चराचं विचारायला आलायस," मॅलकी म्हणाला. "त्या बाईला सांग, मॅलकीचा चर मॅलकी गेल्यावर बुजवा. आणि तू तिकडे पाय टाकायचा नाहीस. ऐकलंस? खा."

त्यानंतरच्या शनिवारी धुकं होतं. क्लूनाघचं धुकं वरून उतरत नाही, ते जमिनीतून निघतं, आधी घोटे जातात, मग गुडघे, आणि मग माणसं कमरेपासून वरची तेवढी हिंडताना दिसतात. मंडळाची माणसं पूर्वेच्या चरावर फळ्या ठोकत होती. टर्लोच्या हातोड्याचा आवाज एकदा जवळून यायचा, एकदा लांबून. कोलमन त्यांच्यातून निघाला तेव्हा आपण कुठे चाललो हे त्याने ठरवलं नव्हतं. पाऊल पडत गेलं. डावं आधी. हेदरच्या वाळक्या झुडपांतून, उन्हाने तडकलेल्या काळ्या मातीवरून तो चालत राहिला, आणि पुढे चराचं पुटपुटणं मोठं होत गेलं. त्यात शब्द असल्यासारखे वाटायचे, पण ऐकायला थांबलं की नुसतं पाणी. मग त्याला दुसरा आवाज आला, चाकाचा. करकरत येणारं, थांबणारं, पुन्हा करकरणारं चाक. धुक्यात एक माणूस हातगाडा ढकलत होता. गाड्यात काळ्या मातीचा भुगा शिगोशीग भरला होता. तो चार पावलं ढकलायचा, थांबून दांड्यांवर वाकून श्वास घ्यायचा, पुन्हा ढकलायचा. चराच्या अलीकडे, आजूबाजूची सगळी जमीन खचून वाटीसारखी झाली होती, तिथे मधोमध एक छोटासा उंचवटा होता, घरातल्या पाटाएवढा लांब. त्या माणसाने गाडा त्याच्यावर उपडा केला. मग गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी ती माती सारखी करायला लागला, कडेकडेने आत दाबत, पांघरूण खोचावं तशी.

कोलमनने हाक मारली नाही. तो जवळ जाऊन उभा राहिला. मॅलकी दचकला नाही, मागेही वळला नाही. "जपून उभा राहा," तो म्हणाला. "उजवीकडे. डावीकडे पोकळ आहे."

"इथे काय आहे, बाबा?"

"तुझी बहीण आहे."

हातोड्याचा आवाज लांबून आला. मॅलकी माती दाबत होता आणि बोलत होता, आणि त्याचा आवाज अगदी साधा होता, कुठल्या वर्षी कुठलं वासरू झालं ते सांगावं तसा. कोलमनच्या आधीची. पूर्ण दिवसांची, पण रडलीच नाही. श्वास घेतला नाही म्हणून बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या आवारात जागा नाही. फादरांनी दारातच सांगितलं, तेही वाईट वाटून, डोळे खाली घालून. असं मूल बापाने न्यायचं, दिवस मावळल्यावर, एकट्याने, कुठल्यातरी कडेला, आणि कुणाला जागा दाखवायची नाही. सगळे बाप तसंच करायचे. बुटाच्या खोक्यात नेणारे होते. त्याने पेटी केली होती, सफरचंदांच्या खोक्याच्या फळ्यांची. "तुझी आई महिनाभर काही बोलली नाही. मग एके दिवशी म्हणाली, मॅलकी, ते ओलं आहे रे तिथे, तिला गार लागत असेल. एवढंच. म्हणून मी चर खणला. इथल्या कुणाच्याच चराला एवढी खोली नाही. टर्फसाठी नाही खणला. लोक म्हणाले हॅनरटीला हाव सुटली. म्हणू दे. वर्षभरात इथली जमीन अशी कोरडी झाली, तुझ्या आईला मी आणून दाखवली. ती इथे बसली. इथे, मी बसलोय तिथे. मातीला हात लावून बघितला आणि म्हणाली, हं. आता बरं आहे."

आईने ॲप्रनमध्ये धरून बाहेर नेलेली ती वीट कोलमनला दिसली, आणि तिची फोड आलेली बोटं. ती वीट दलदलीच्या कुठल्या बाजूच्या मातीची आहे ते तिला कसं कळणार होतं? आणि म्हणूनच सगळाच टर्फ तिने घराबाहेर ठेवला असेल. बाहेरून बघणाऱ्यांना ती मिजास वाटली होती. त्यालाही.

"आणि मग जमीन बसायला लागली," मॅलकी म्हणाला. "आधी कळलंच नाही. मी पेटी चांगली खोल ठेवली होती, माणूसभर खोल. खालून काही वर येत नाही, हे मला समजतं, मी काही खुळा नाही. वरचंच कमी होतं. कोरडं होतं, बसतं, उडून जातं. मी माती आणून टाकतो, तीही उडून जाते. दरवर्षी थोडी थोडी जवळ येते ती. गेल्या वर्षी काठी टोचून बघितली तर..." त्याने हात वर उचलून बोटांनी काहीतरी दाखवलं, एक अंतर, आणि कोलमनने चटकन दुसरीकडे बघितलं. "मीच तिला कोरडं ठेवलं, आणि मीच वर काढतोय."

कोलमनला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं. त्याच्या तोंडून निघालं ते टुही बाईंचं बोलणं. पाणी थांबलं की शेवाळ धरतं. शेवाळ खाली मरत जातं, वर वाढत जातं, आणि जमीन पुन्हा चढते. ओल्यात काही कुजत नाही, जे जसं आहे तसं राहतं. हे सगळं तो कामावर पत्रं लिहायचा तशा भाषेत बोलला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. मॅलकी गुडघ्यांवरून उठायचा प्रयत्न करत होता. कोलमनने त्याला धरून उभं केलं. बाप इतका हलका झाला होता हे त्याला माहीत नव्हतं.

"तिला पाण्यात ठेवू म्हणतोस."

"मी काही म्हणत नाही, बाबा. माती मी आणून टाकीन. दर शनिवारी. तुम्ही गेल्यावरसुद्धा."

"तू?" मॅलकी म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. "तुला पाऊल कुठे टाकावं ते कळत नाही." मग तो गाड्याच्या दांड्यांवर हात ठेवून बराच वेळ चराकडे बघत राहिला. "कितीसं वाढतं ते शेवाळ?"

"फार सावकाश. वर्षाला नखाएवढं."

"नखाएवढं." त्याने ते मनात कुठल्यातरी मापाशी लावून बघितलं असावं. "मग उशीर करून चालायचं नाही."

गाडा कोलमनने ढकलत घरापर्यंत नेला. धुक्यात बाप पुढे, तो मागे. घराच्या अंगणात पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की पायातला गारवा कधी गेला ते त्याला कळलंच नव्हतं. त्याला त्याचं बरं वाटायला हवं होतं. उलट कुणाचा तरी हात आपण गर्दीत सोडला, असं वाटलं.

मंडळाला त्याने एवढंच सांगितलं की वडील हो म्हणाले. टर्लो म्हणाला, "म्हातारा मऊ पडला का शेवटी?" आणि टुही बाईंनी त्याला अशा नजरेने गप्प केलं की तो पुन्हा चौथीच्या वर्गात गेला. बाईंनी कोलमनला काही विचारलं नाही. फळ्या कुठून आणायच्या, कुठल्या वाटेने आणायच्या ते मात्र त्यांनी स्वतः ठरवलं, आणि ती वाट त्या उंचवट्यापासून लांबून जात होती. बांध घालायच्या दिवशी मॅलकी आला. लग्नकार्याला घालायचा कोट घालून, टोपी घालून, कोलमनच्या हाताला धरून. माणसं चरात उतरली होती, फळ्या एकीत एक खोचून खाली मारत होती, आणि पाणी फटींतून पिचकाऱ्या मारत त्यांच्या तोंडावर उडत होतं. हसणं चाललं होतं. मॅलकी काठावर उभा राहून बघत होता. सगळ्यात शेवटची, मधली फळी राहिली तेव्हा तो म्हणाला, "ती मला द्या." कुणीतरी म्हणालं, आजोबा, जड आहे. टुही बाई म्हणाल्या, "देता का नाही त्यांना?" टर्लोने त्याला दोन्ही बगलांत धरून खाली उतरवला, लहान मुलाला ओढ्यात उतरवतात तसा, आणि मॅलकीने फळी खाचेत बसवली. हातोडा त्याला पेलेना, म्हणून टर्लोने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. दोघांनी मिळून ती खाली मारली. पहिल्या घावाला पाणी आणखी जोरात उसळलं. नंतर कमी झालं. मग शेवटच्या घावाबरोबर थांबलं.

ती शांतता कुणाच्याच ध्यानात आधी आली नाही. माणसं हात पुसत होती, थर्मास उघडत होती, हॅमचे सँडविच कुणी आणले कुणी विसरले यावर वाद चालला होता. मग एकेक जण बोलता बोलता थांबला. कुठेच पाणी वाजत नव्हतं. टर्लोसुद्धा हलक्या आवाजात म्हणाला, "अरे, हे असं असतं होय इथे." आणि टुही बाईंनी सगळ्यांना चहाला म्हणून रस्त्याच्या बाजूला नेलं. हात हलवत, आवाज न करता, कोंबड्या हाकाव्यात तसं. मॅलकी मात्र हलला नाही. तो वर येऊन त्या उंचवट्याच्या अलीकडे उभा होता. चरातलं काळं पाणी हळूहळू फुगत होतं, काठाशी येत होतं, मातीच्या भेगांत शिरत होतं. माती ते पीत होती आणि तिचा रंग बदलत होता. कोलमन त्याला हाताला धरायला पुढे झाला. बापाने टोपी काढून छातीशी धरली होती. तो डोकं किंचित एका बाजूला कलवून ऐकत होता. पन्नासावर वर्षं त्या चराच्या आवाजाखाली जे काही ऐकू येत नव्हतं, ते आता ऐकू येत असावं. कोलमननेही कान दिले. त्याला काहीच ऐकू आलं नाही, वाराही नव्हता. पण मॅलकी मान डोलावत होता. "हो," तो म्हणाला, अगदी खालच्या आवाजात. थोडं थांबून, पलीकडचं बोलणं पुरं होऊ द्यावं तसं, पुन्हा म्हणाला, "हो. तुझ्या आईने सांगितलं होतं मला." आणि मग जरा हसून, कोलमनने त्याच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या मऊपणाने, "तोच. धाकटा."

कोलमन तिथेच थबकला. त्याच्या पावलांखाली जमीन ओली होऊन किंचित वर येत होती, झोपलेल्या माणसाची छाती वर येते तशी. तो जपून दोन पावलं मागे सरला, आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघत उभा राहिला.